जोडीतली आखूड तलवार

३ जून

प्रिय दादा,

नमस्कार. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर मी घसा फोडते, तू "हं, हं" करतोस आणि मग वहिनीला विचारतोस, "काय म्हणत होती गं?" पन्नास वर्षं धारेच्या चाकाशेजारी बसून कानांचा पार दगड झालाय तुझा. पत्राला निदान कान लागत नाहीत.

बातमी अशी की ह्यांच्या नाटक मंडळीची जुनी खोली पाडणार आहेत. तिथली ह्यांची पत्र्याची पेटी काल हातगाडीवरून माझ्या दारात आली. पस्तीस वर्षं मंडळीचं सामान सांभाळलं, त्याची ही कमाई: पत्र्याच्या बारा तलवारी, सहा दाढ्या, एक चेपलेला मुकुट, आणि तळाशी गोणपाटात बांधलेली ती लांब तलवार. आठवते ना? भंगारवाल्याकडून लोखंडी खाटेबरोबर दोन आणल्या होत्या, एक लांब, एक आखूड. लांब तलवारीला ह्यांनी चंदेरी रंग फासला, म्यानाला चॉकलेटचे सोनेरी कागद चिकटवले आणि रंगमंचावरच्या दरबाराच्या भिंतीवर टांगली. नटाच्या हातात कधी दिली नाही. म्हणायचे, "ही खरी आहे, खोट्या राजांनी हात लावायचा नाही."

गोणपाटाची सुतळी अशी आवळलेली की कात्री हरली. शेवटी ओट्यावरची तू दिलेली सुरी आणली. एका फटक्यात काम! खाणावळ काढली तेव्हापासून रोज चाळीस पानांची भाजी तिच्याखाली जाते, तरी दमली म्हणून नाही. माझी पाठ वाकली, तिची धार नाही वाकली. गिऱ्हाइकांना मी अजून सांगते, माझ्या भावाच्या हातून आजवर एक पातं बिघडलेलं नाही.

आखूड तलवारीचं काय झालं ते तुला सांगायला नको. तुझ्याच खांद्यावर रडले होते मी. एक दिवस ती घरातून गायब, विचारलं तर हे म्हणाले, "दिली एकाला." कोणाला, ते मरेपर्यंत सांगितलं नाही. आणि त्याच आठवड्यात मंडळीतल्या राणीसाहेब, त्या राणीचीच कामं करायच्या म्हणून सगळे तसंच म्हणत, काखेत लांबट गुंडाळी घेऊन खोलीचा जिना उतरताना मी ह्या डोळ्यांनी पाहिल्या. असो. ह्यांचा फोटो मी दाराच्या मागे लावलाय. दार उघडं असलं की दिसत नाही, आणि खाणावळीचं दार दिवसभर उघडंच असतं.

तर काम असं: लांब तलवार तुझ्याकडे पाठवते. रंग खरवड, चाकावर धर आणि आरशासारखी करून दे. खाणावळीत लावीन.

तुझी,
चिमणी


९ जून

चि. चिमणीस आशीर्वाद.

तलवार पाठवू नकोस. रंगाला नख लावू नकोस. राख, लिंबू, रॉकेल, काही काही लावू नकोस. चाकाचा पट्टा तुटलाय. शिवाय माझी कंबर धरलीय. शिवाय हल्ली हवा दमट आहे, अशा हवेत लोखंडाला हात लावू नये.

तुला वाटेल दादा कामाला नाही म्हणतोय म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवला. तसं नाही गं. शहाण्या माणसाने कधी कधी हात खिशात ठेवावेत, एवढंच. तुमच्या गावात संग्रहालय आहे, तिथे एखादा जाणकार असेल, त्याला दाखव.

आखूडीचं म्हणशील तर झालं गेलं. मेलेल्या माणसामागे किती दिवस काठी घेऊन धावायचं? दाजी सोन्यासारखा माणूस होता. हे मी उगीच लिहीत नाही.

तुझी वहिनी खांद्यावरून वाचतेय. म्हणते, "अजून एक गोष्ट लिहायची राहिली." मी म्हटलं, कुठली? तर म्हणे, "तुम्हाला ठाऊक आहे." आणि पोळपाट आपटून आत गेली. आता ह्याला काय म्हणावं?

तुझा,
दादा


२ जुलै

प्रिय दादा,

आधी खाली बस. कंबरेसकट.

तुझं ऐकून संग्रहालयात गेले. तिथले एक गृहस्थ आहेत, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग, म्हणून मी त्यांना भिंगवाले म्हणते. पहिल्यांदा माझ्या म्यानावरचे चॉकलेटचे कागद पाहून हसले. मग मुठीतली बांबूची एवढीशी खुंटी ठोकून काढली, मूठ ओढली, आणि आतली पात्याची शेपूट पाहून हसायचे थांबले. एकदम उभेच राहिले, दादा! जणू कोणी वडीलधारं खोलीत आलंय.

तलवार जपानची आहे. चारशे वर्षांची. कुठल्या तरी बोटीवरच्या साहेबाच्या पेटीतून इकडे आली असेल आणि तो मेल्यावर भंगारात गेली असेल, असा त्यांचा अंदाज. ह्यांच्या रंगानेच ती वाचली म्हणतात, नाहीतर गंजाने खाऊन टाकली असती.

दुसऱ्या दिवसापासून ते औषधाच्या बोळ्याने रंग उतरवायला घरीच यायला लागले. तोंडात घडी केलेला कागद धरतात, पात्यावर थुंकी उडू नये म्हणून. मलाही दिला. चाळीस वर्षांच्या संसारात जे ह्यांना जमलं नाही, ते भिंगवाल्यांनी तीन दिवसांत केलं, मला गप्प बसवलं.

रंग निघाल्यावर काय दिसलं सांगू? धारेच्या कडेने धुक्याची एक लाट. टोकापासून मुठीपर्यंत, पहाटे नदीवर असते तशी. मी म्हटलं, "हा डाग का हो?" भिंगवाल्यांच्या तोंडातला कागद खाली पडला. म्हणाले, "बाई, हा डाग नाही. हा तलवारीचा प्राण आहे. ह्या लाटेसाठी लोहाराने आयुष्य घातलं." आणि शेपटीवरचा काळा गंजही पुसायचा नाही म्हणे, त्यावरूनच वय कळतं. त्या गंजात लोहाराचं नाव कोरलंय.

आता खरी गोष्ट. नावाशेजारी अजून चार अक्षरं आहेत: ही जोडीतली एक. म्हणजे आखूडीच्या शेपटीवरही हेच नाव असणार. भिंगवाल्यांनी फोटो जपानला पाठवले तर तिथून उत्तर आलं की तलवारींना पॉलिश करणारे एक म्हातारे गुरुजी ऑगस्टमध्ये स्वतः बघायला येतायत. त्या लोहाराची पुरी जोडी आज जगात कुठे नाही. भिंगवाले मला रोज विचारतात, "बाई, आखूड कुठे गेली?" मी काय सांगू? नवऱ्याने राणीला दिली म्हणून? पण सांगावं लागेल. मी जाणार आहे राणीसाहेबांकडे. तीस वर्षांपूर्वीच जायला हवं होतं, आता निमित्त मिळालं. तोंडावर विचारणार, चार माणसांदेखत.

चिमणी


८ जुलै

चि. चिमणीस,

राणीसाहेबांकडे जाऊ नकोस. त्या ऐंशीच्या पुढे आहेत, म्हातारीला धक्का बसला तर तुझ्या माथी येईल. शिवाय त्या तिसऱ्या मजल्यावर राहतात, तुझा गुडघा. शिवाय तलवार चोराने नेली असेल. भंगारवाल्यानेच परत उचलली असेल. उंदीर काय काय ओढून नेतात, आमच्याकडे एकदा घूस मोठा चिमटा घेऊन गेली होती.

वहिनी म्हणते घूस इथेच बसलीय आणि पत्र लिहितेय. तिच्याकडे लक्ष देऊ नकोस.

एक सहज विचारतो. समजा एखाद्या कारागिराने, चांगला हं, हातात कला असलेला, पण कोणी शिकवलं नाही म्हणून स्वतःच शिकलेला, अशाने त्या लाटेला डाग समजून काही केलं असेल, तर भिंगवाले त्याला काय म्हणतील? आमच्या धंद्यातली उत्सुकता म्हणून विचारतोय.

दादा


१४ जुलै

दादा,

विचारलं. भिंगवाले आधी पाणी प्यायले. मग म्हणाले, "अशा माणसाला मी काही म्हणणार नाही. त्याला ह्या खुर्चीवर बसवीन आणि ती लाट दाखवीन. बाकी शिक्षा तो स्वतःच करील." मला तर त्यांचे डोळे ओले वाटले.

हा कोण कारागीर? तुझ्या ओळखीचा आहे का?

येत्या रविवारी, वीस तारखेला, मी जातेय. भिंगवाल्यांनाही बरोबर नेतेय, साक्षीला. जिना हळूहळू चढेन. राग असला की गुडघा कमी दुखतो.

चिमणी


१७ जुलै

चिमणे,

शेगडी बंद कर, मग वाच.

आखूड तलवार राणीसाहेबांकडे नाही. कधीच नव्हती. ती तुझ्या ओट्यावर आहे. तुझी सुरी ती तीच.

आता सगळं सांगतो. दाजींनी ती वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या दुकानात आणली. म्हणाले, "दादा, नुसता वरचा मळ काढा. धार नको." मी म्हटलं, "धार नको? माझ्या दुकानातून बोथट वस्तू बाहेर गेली तर लोक काय म्हणतील?" मळ काढला तर खाली धारेच्या कडेने तो धुकट पट्टा. मला वाटलं डाग. राख लावली, लिंबू लावलं, बारीक दगडाने तासभर घासलं. जाईना! उलट जितकं घासावं तितका जास्त उठून दिसायला लागला, जसा काही मला वेडावतोय. आणि मी तेव्हा भर उमेदीतला, गावात म्हण होती की यमानेही हत्यार बोथट झालं तर दादाकडे आणावं. म्हटलं, बघतोच तुझ्याकडे. चाकावर धरली. दाबली. रागाच्या भरात पाणी सोडायचं विसरलो. टोकाकडचं पोलाद निळं पडलं आणि टण्णकन आवाज झाला. वीतभर तुकडा जमिनीवर.

दाजी समोर उभे होते. त्यांनी तुकडा उचलला, फुंकर मारली, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "दादा, चहा सांगा."

चिमणे, त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी हात जोडले. म्हटलं, चिमणीला सांगू नका. ती गावभर सांगते, माझ्या भावाच्या हातून पातं बिघडत नाही. माझी तेवढीच इस्टेट आहे. ते म्हणाले, "नाही सांगणार." बस्स, एवढंच बोलले. चहा संपल्यावर म्हणाले, "ती खाणावळ काढतेय, उरलेल्याची सुरी करा." म्हणजे सुरी मी दिली ही थापच. दिली त्यांनी. तुझ्या हातात ठेवताना माझं नाव सांगितलं.

पातं मी बसकं केलं, मूठ नवी लाकडाची बसवली. पण आतल्या शेपटीला हात लावला नाही. तिच्या काळ्या गंजात अक्षरं कोरली होती. वाचता येईनात, पण कोणा कारागिराचं नाव असणार हे कळलं. मीही माझ्या कात्र्यांवर खूण मारतोच की. वाटलं, बाबा रे, तुझं काम तर बिघडवलं, निदान नाव तरी खरवडत नाही.

तू राणीसाहेबांचा संशय घेतलास तेव्हा मी दाजींकडे धावत गेलो, म्हटलं सांगून टाकू. ते हसले. "शब्द दिलाय. आणि तिचा राग दोन दिवसांचा असतो." त्यांचा अंदाज जरा चुकला, आणि मी तो चुकू दिला. त्यांचा फोटो तू दारामागे लावलास हे ऐकलं त्या दिवशी तरी बोलायला हवं होतं. वहिनी दरवर्षी टोचायची. माणूस जिवंत असेपर्यंत शब्दाची भीती, आणि गेल्यावर लाजेची.

राणीसाहेबांकडे जाऊ नकोस. हे पत्र रविवारच्या आत पोचावं म्हणून वहिनी स्वतः पोस्टात घेऊन निघालीय. माझ्यावर तिचा भरवसा नाही.

दादा


२० जुलै, रविवार

दादा,

जाऊन आले. अजून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून तुला लिहितेय.

राणीसाहेबांनी स्वतः दार उघडलं. काठी, जाड चष्मा, पण मान अजून सिंहासनावर बसल्यासारखी. मी म्हटलं, "ओळखलंत?" म्हणाल्या, "सामानवाल्यांच्या घरच्या. या. तीस वर्षं वाट बघतेय, कधी भांडायला येताय."

मी थेट मुद्द्यावर आले. म्हटलं, "माझ्या नवऱ्याने तुम्हाला तलवार दिली होती, ती परत द्या."

"तुमच्या नवऱ्याने? मला?" आणि अशा हसल्या की भिंगवाल्यांनी घाबरून पाण्याचा तांब्या उचलला. "अहो बाई, राणीच्या भूमिकेसाठी मुकुट घरी सरावाला मागितला, तर त्या माणसाने माझ्याकडून पावती लिहून घेतली! सोबत दोन साक्षीदार! तो मला तलवार देणार?"

"मग जिन्यातली ती गुंडाळी?"

"मच्छरदाणीच्या काठ्या. माझ्याच होत्या. त्या न्यायलाही सही करावी लागली." आणि उठून कपाटातून खरंच कागद काढला, दादा. ह्यांचं अक्षर. "मच्छरदाणीच्या काठ्या, नग चार, मालकिणीस परत." तारीख त्याच आठवड्यातली. म्हणाल्या, "कधीतरी तुम्ही याल म्हणून जपून ठेवला."

मी कागद दोनदा वाचला आणि परत दिला. निघताना त्या म्हणाल्या, "एकदा मी त्यांना विचारलं होतं, त्या आखूड तलवारीचं काय झालं. तर म्हणाले, आमच्या घरी रोज तिनेच कांदा चिरतात. मला वाटलं, तुमच्या जिभेबद्दल बोलतायत."

हे भिंगवाल्यांसमोर! मी तशीच जिना उतरले. पण मग त्यांनी ती दिली कोणाला? उद्या सकाळी पत्र पेटीत टाकते.

सोमवार. पेटीकडे निघाले तर दारात पोस्टमन. तुझं पत्र मिळालं.

आज खाणावळ बंद.


११ ऑगस्ट

चि. चिमणीस,

तीन आठवडे झाले. तुझं अक्षर नाही. फोन केला तर कोणीतरी उचलून ठेवून देतं, हे मला न ऐकू येताही कळतं. वहिनी म्हणते, बरं झालं, मीही बोलले नसते. पण रोज दुपारी फाटकापाशी तीच उभी असते.

सोबत एक डबा पाठवतोय. त्यात ते तुटलेलं टोक आहे. तीस वर्षं तेलाच्या फडक्यात ठेवलं. फेकवेना. कधी एखादा नवशिका फार फुशारकी मारायला लागला की त्याला काढून दाखवायचो. कोणी केलं हे मात्र सांगायचो नाही.

गुरुजी येऊन गेले असतील. त्यांना सांग, करणाऱ्याला लाज वाटते.

दादा


२७ ऑगस्ट

प्रिय दादा,

पाच आठवडे गप्प बसले. तोंडात कागद धरल्याशिवाय. हा विक्रम तुझ्या नावावर.

पहिला आठवडा मी तुझ्यावर चिडले. दुसरा ह्यांच्यावर. मरेपर्यंत माझी बोलणी खाल्ली, त्याच सुरीने चिरलेल्या कोशिंबिरीबरोबर! ताटावर बसून एकदा तरी म्हणायचं, "अगं बाई, हातात काय धरलंयस बघ." तिसऱ्या आठवड्यात चिडायला कोणी उरलं नाही, मग स्वतःवर चिडले.

सुरी भिंगवाल्यांकडे सोपवायच्या आदल्या सकाळी फोटो दारामागून काढला, ओट्यावर मांडला आणि ह्यांच्यासमोर पाच किलो कांदा चिरला. तिनेच. पोटभर रडले. गिऱ्हाइकांनी विचारलं तर कांदा होताच सांगायला.

मग गुरुजी आले. काटकुळे, ऐंशीचे, तुझ्यासारखेच बहिरे. भिंगवाल्यांनी माझ्या सुरीची मूठ काढली आणि ओरडलेच, "कांद्याचा वास येतोय!" पण शेपूट काळीभोर, अक्षरं जशीच्या तशी. लांब तलवारीशेजारी ठेवली. तेच नाव, तोच हात, कानशीचे ओरखडेसुद्धा एकाच बाजूला कललेले. गुरुजींनी चष्मा पुसून दोन्ही शेपट्या पुन्हा पाहिल्या.

मग दुभाष्याकडून विचारलं, "ही रोज कोण वापरायचं?" मी हात वर केला. "काय कापलं?" मी म्हटलं, काय नाही कापलं ते विचारा. तर ते कंबरेत वाकले, दादा, माझ्यासमोर! म्हणाले, चारशे वर्षांत कुठल्याही तलवारीने एवढ्या माणसांचं पोट भरलं नसेल.

तुझं टोक त्यांना दिलं. तुझा निरोपही दिला. त्यांनी ते उजेडात फिरवलं आणि विचारलं, "ज्याने हे केलं, त्याने शेपटीचा गंज का नाही काढला?" मी तुझ्या पत्रातलं वाक्य वाचून दाखवलं, कारागिराचं नाव खरवडत नाही, ते. त्यांनी मान हलवली. म्हणाले, टोक आता जोडता यायचं नाही. पण उरलेल्या पात्याला नीट दगड लावला तर लाट परत दिसेल. ती वर काढलेली नसते, पोलादाच्या आत असते. म्हणून तुझा डाग जाईना, दादा. जन्मभर घासत बसला असतास तरी गेला नसता. गुरुजींनी तुला बोलावलंय, पुढच्या महिन्यात संग्रहालयात ते स्वतः दगड लावणार आहेत. एक खुर्ची तुझ्यासाठी राखलीय. वहिनीसाठी दुसरी, तू पळून जाऊ नयेस म्हणून.

जोडी मी संग्रहालयाला दिली, एका अटीवर. काचेखालच्या पाटीवर लिहायचं, "नाटक मंडळीच्या सामानवाल्यांनी सांभाळलेली." त्याखाली "बिघडवणारा: सख्खा भाऊ" असंही लिहा म्हटलं, पण भिंगवाले नाही म्हणाले.

राणीसाहेब आता दर रविवारी जेवायला येतात. पहिल्या दिवशी जेवून झाल्यावर मी त्यांच्यापुढे कागद ठेवला, "जेवण, नग एक, मिळालं." त्यांनी सही केली आणि दोन साक्षीदार मागितले.

ह्यांचा फोटो आता गल्ल्याच्या वर आहे, दारातून पाय ठेवला की पहिला दिसतो.

येताना एक सुरी आण. ओटा ओका ओका दिसतोय आणि कात्रीने कांदा चिरता येत नाही. साधी असली तरी चालेल. पण कोणाची, कुठून आणलीस आणि तिचं तू काय काय केलंस, ते आधी पत्रात लिही.

तुझी,
चिमणी